नामकरणाला चांदी नको, दाखल्यावर नाव द्या

मैत्रिणीला बाळ झाले आणि नामकरणाची तारीख ठरली, की मित्रमंडळींच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. काय द्यायचे? कोणी म्हणतो, सगळे मिळून चांदीचे वाळे देऊ. कोणी म्हणतो, अर्ध्या ग्रॅमची अंगठी बरी दिसेल. कोणी पाळणा सुचवतो, कोणी वॉकर. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणतो, पाकिटात पाचशे एक घाला आणि मोकळे व्हा. बाळाला काय लागणार आहे, हे या चर्चेत कोणी विचारत नाही. समोरच्याने आपल्याकडे काय आणले होते आणि आता आपण काय नेले म्हणजे हसू होणार नाही, एवढाच हिशेब चाललेला असतो.

माझे म्हणणे आधीच मांडते. बौद्ध घरातल्या नामकरणाला आपण आज जो आहेर नेतो, तो बहुतेक ठिकाणी जुन्या बारशाचाच आहेर आहे. विधी बदलला. त्रिसरण-पंचशील आले, बौद्धाचार्य आले, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लागली. पिशवीतून निघणारी वस्तू मात्र तीच राहिली. ती बदलायची असेल तर बाळाची पहिली भेट सराफाच्या पेढीवर शोधू नका. ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर मिळते. कशी, ते पुढे सांगते. आधी ती का बदलायची ते पाहू.

नाव ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसे ठेवावे याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तुच्छतासूचक असावे, असा त्याचा अर्थ. म्हणजे मूल पाळण्यात असतानाच त्याची जागा ठरवून टाकायची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला तेव्हा हा नियमही त्या आगीत होता.

कोणी म्हणेल, कचरू, धोंडू, दगडू ही नावे इतर जातींतही होती, मूल जगावे म्हणून ठेवत. ते खरेच आहे. पण पाटलाच्या धोंडूचा गावात धोंडिबा झाला, धोंडोपंत झाला. आपला धोंडू म्हातारा होऊन मेला तरी धोंड्याच राहिला. नावाच्या शेवटी लागणारे ते 'या' म्हणजे गावाने त्याला दिलेला आहेर होता.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आजी-आजोबांनी त्याचे उत्तर दिले. पुढच्या काही वर्षांत शाळांच्या हजेरीपटावर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा अशी नावे दिसू लागली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ही नावे निवडली. त्यासाठी त्यांनी पंचांग पाहिले नाही, राशीचे अक्षर विचारले नाही. आमच्या मुलाचे नाव आम्ही ठेवू आणि ते मानाचे असेल, हा त्यांचा ठराव होता. म्हणून आपल्याकडे नामकरण हा घरगुती कौतुकाचा कार्यक्रम राहत नाही, तो स्वाभिमानाचा विधी ठरतो. अशा विधीला आपण काय हातात घेऊन जातो याची चौकशी व्हायलाच हवी.

पिशवीत काय निघते?

पहिली वस्तू निघते काळ्या मण्यांच्या मनगट्यांची. कशासाठी? दृष्ट लागू नये म्हणून. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात, बुद्धवंदना संपून दहा मिनिटे होत नाहीत तोच बाळाच्या मनगटावर दृष्टीची भीती बांधली जाते. 'अगं, शोभेसाठी असतं' असे उत्तर मिळते. शोभेसाठी असते तर लाल-पिवळे मणीही चालले असते. आणि भीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, धागा तुटला की सुटा मणी बाळाच्या घशात अडकू शकतो. प्रत्येक वस्तू तोंडात घालण्याचे ते वय असते.

दुसरी वस्तू काजळाची डबी. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असे बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत आहेत. काही काजळांत शिसे सापडलेले आहे आणि डोळ्याला जंतुसंसर्गाचा धोका असतोच. तिसरी वस्तू मधाची बाटली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चौथी वस्तू चाकांचा वॉकर. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यात बसलेली मुले जिन्यावरून कोसळत होती. आपल्याकडे तो मोठा, दिसायला भारी आणि हजारभरात बसणारा म्हणून आहेराचा राजा झाला आहे.

पाचवी गोष्ट पिशवीत दिसत नाही. मुलगा झाला तर मांडव, साउंड, दोनशे पाने. दुसरी मुलगी झाली तर 'घरच्या घरी उरकू'. मुलाला अंगठी, मुलीला झबले. आणि पाळण्याला हात लावायला विधवा मावशीला, मूल नसलेल्या काकूला अजूनही मागे उभे केले जाते. कोणी बोलत नाही. त्या आपणहूनच मागे सरकतात, कारण कुठे उभे राहायचे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. ज्या धम्माने स्त्रियांना संघात जागा दिली, त्या धम्माच्या नामकरण विधीत ही रांग कोणी लावली?

एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात आणि त्यातून प्रतिष्ठा शोधतात, असे तिचे थोडक्यात सूत्र. बाबासाहेबांनी आपल्याला नेमक्या उलट्या दिशेने नेले. वरच्यांसारखे होण्यात मुक्ती नाही, त्या उतरंडीतून बाहेर पडण्यात आहे. मग आपले नामकरण शेजारच्या सोसायटीतल्या बारशाइतकेच 'चांगले' व्हावे ही धडपड आपण का करतो? पैसा आला की आधी वाळे का येतात आणि पुस्तकांचे कपाट कधी येते?

माइकवरचा आहेर

यापेक्षा गंभीर गोष्ट आहे आहेराची वही. दारात एक टेबल, त्यावर वही, शेजारी माइक. 'अमुक अमुक यांच्याकडून बाळाला पाचशे एक रुपये', 'तमुक यांच्याकडून चांदीचा करदोडा'. टाळ्या. मागच्या खुर्चीत बसलेल्या, चार घरची धुणीभांडी करून एक्कावन्न रुपये घेऊन आलेल्या बाईचे नाव पुकारले जाते तेव्हा तिची मान कशी खाली जाते, हे मी कितीतरी कार्यक्रमांत पाहिले आहे. जिच्या श्रमावर वस्ती उभी आहे तिला आपल्याच मंडपात, आपल्याच प्रतिमांसमोर आपण लहान करतो.

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. समाजशास्त्राच्या वर्गात तो शिकवतात. भेट ही वरवर ऐच्छिक दिसते, पण देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने तिच्यात दडलेली असतात, असे त्याने दाखवले. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही आजीला हे मॉस न वाचता कळते. ती वही जपून ठेवते. कारण पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जाताना तेवढेच, किंबहुना थोडे जास्त न्यावे लागते. मी काम करते त्या वस्तीत बचत गटाच्या कर्जाचे कारण विचारले तर 'घरगुती अडचण' असे उत्तर येते. जरा बसून बोलले की कळते, ती अडचण म्हणजे नणंदेच्या बाळाचा आहेर असतो. हप्ता पुढे अनेक महिने फिटत राहतो. बाळाचे वाळे तोवर त्याला लहानही झालेले असतात.

बुद्धाने अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात एक सुख ऋण नसण्याचे आहे. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात आणि एक अडीअडचणीसाठी राखून. कर्ज काढून चांदी देण्याचा भाग त्यात कुठेच नाही. दान आणि आहेर यांतला फरक इथे आहे. दान दिले की हात मोकळा होतो. आहेर दिला की खाते उघडते.

'पण सोनं-चांदी गरिबाची बँक असते'

हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यायचा आहे, कारण तो बहुधा आपल्या आयांकडून येतो आणि अनुभवातून येतो. दवाखान्याची वेळ आली की बँक दारात उभे करत नाही, सराफ करतो. बाईच्या अंगावरचा दागिना हीच तिच्या नावावरची एकमेव मालमत्ता, हे हजारो घरांत आजही खरे आहे. बाबासाहेबांच्या घरातही ते खरे होते. मुलाला हवे ते पुस्तक घेण्यासाठी सुभेदार रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून उसने पैसे किंवा एखादा दागिना घेत, तो गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ही हकीकत आपण भाषणांत नेहमी सांगतो.

पण त्या हकीकतीत दागिना कुठल्या दिशेने गेला ते पाहा. सुभेदारांनी दागिन्याचे पुस्तक केले. आपण पुस्तकाच्या पैशांचा दागिना करतो आहोत.

आणि व्यवहार म्हणूनही हिशेब करा. आईच्या अंगावरचे डोरले ही बचत असेल. बाळाचे वाळे ही बचत नाही. घेताना त्यावर घडणावळ लागते, कर लागतो. मोडायला नेले की घट धरली जाते आणि घडणावळ बुडते. चार ग्रुपमेंबरांनी पाचशे-पाचशे काढून आणलेल्या वस्तूचे दोन हजार परत येत नाहीत. खरीच मदत करायची असेल तर ते दोन हजार आईच्या हातात द्या. बाळंतपणानंतर तिची रोजी बुडालेली असते, तिला दूध, अंडी, डाळ, औषध लागते. त्या पाकिटावर नाव लिहू नका आणि वहीत नोंदवूही नका.

मग द्यायचे काय?

पहिली भेट: बाळाचे नाव सरकारी नोंदीत.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना ती कळवतो. पण त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसते, म्हणून नोंद नावाशिवाय होते. नंतर थाटात नामकरण होते, माइकवर नाव पुकारले जाते, केक कापला जातो, फ्लेक्सवर नाव छापले जाते. एका जागी मात्र ते लिहायचे राहून जाते, ती म्हणजे जन्मनोंदणीच्या रजिस्टरातला नावाचा रकाना. जून महिन्यात शाळाप्रवेशाच्या वेळी असे नावाशिवायचे दाखले घेऊन आलेल्या आया मला दर वर्षी भेटतात. मग मजुरी बुडवून कार्यालयाच्या खेपा, विलंब शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि मध्येच एखादा एजंट.

वास्तविक नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव घातले तर त्याला शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत असते, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे. खरी गोम अशी की नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे नोंद लातूरला किंवा अकोल्याला, आणि बाळ पिंपरीत किंवा उल्हासनगरात वाढणार. बापाला रजा मिळत नाही, आई बाळाला घेऊन फिरू शकत नाही. हे काम कोणी करायचे? ग्रुपवर वाळे सुचवणाऱ्यांनी करायचे. माहेरच्या गावात आपला एखादा कार्यकर्ता असतोच. आईबापाच्या सहीचा अर्ज आणि कागद त्याच्याकडे पाठवा, पाठपुरावा करा, नाव चढवून घ्या आणि दाखल्याच्या चार प्रती काढून लॅमिनेशन न करता फाइलमध्ये घाला. मराठी आणि इंग्रजी दोन्हीतले नावाचे लेखन आईबापाकडून आधी कागदावर लिहून घ्या. एका अक्षराच्या फरकाने पुढे आधार, शाळा आणि पासपोर्ट यांची भांडणे लागतात.

२०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळा-कॉलेज प्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करायला जन्मदाखलाच वापरायचा आहे. पूर्वी शाळेचे गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकत आणि आयुष्य निघून जाई. ते दिवस संपले. कागद नसणाऱ्याला संशयाने पाहण्याच्या या काळात आपल्या बाळाचा पहिला कागद पक्का असणे ही चैन नाही.

दुसरी भेट: आजोबांच्या कागदांची फाइल.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. पणजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, गावचा जुना उतारा. हा पुरावा बापाच्या बाजूच्या मूळ गावात असतो आणि तो शोधायची आठवण आपल्याला बारावीच्या निकालानंतर, प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात होते. तोवर गावातला माहितगार म्हातारा गेलेला असतो, दप्तराची पाने गळून पडलेली असतात. नोकरीसाठी शहरात आलेल्या कुटुंबाला गावच्या तहसिलीत एक दिवस घालवून प्रमाणित नक्कल आणून देणारा मित्र सोन्याहून महाग आहे. बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळायला १९९० साल उजाडावे लागले. धम्म स्वीकारल्याची किंमत म्हणून एका अख्ख्या पिढीने चौतीस वर्षे त्या हक्काची वाट पाहिली. तो हक्क आपल्या पोरांनी एका नकलेअभावी गमावायचा का?

तिसरी भेट: मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खाते. ते टपाल कार्यालयात २५० रुपयांत उघडते, १५ वर्षे वर्षाला किमान २५० रुपये भरायचे, आणि मुलगी दहावी झाली किंवा १८ वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. खाते आईबापालाच उघडावे लागते आणि त्यासाठी जन्मदाखला लागतो, म्हणून पहिली भेट आधी. मुलगा असेल तर पीपीएफ खाते आहे, वर्षाला किमान ५०० रुपये. मित्रांच्या एका गटाने दर १४ एप्रिलला मिळून त्यात भर घालायचे ठरवले, तर ती भेट बाळाबरोबर वाढत राहील.

चौथी भेट: पुस्तक. बाळ आज वाचणार नाही, पण घरात वाचणारे कोणी असले पाहिजे. शाळकरी वयातल्या भीमरावाच्या कौतुक समारंभात कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती आठवण नोंदवली आहे. एका पुस्तकाच्या भेटीतून काय उभे राहू शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा आपल्याला नको.

'आनंदाच्या दिवशी कसले सरकारी कागद?'

हा शेवटचा आक्षेप. म्हणे त्यात प्रेम दिसत नाही. मी विचारते, सराफाकडे अर्ध्या तासात उरकलेल्या खरेदीत प्रेम दिसते आणि रजा काढून तीन खेपा मारणाऱ्यात दिसत नाही? ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचे, पदवीचे, ओळखीचे कागद आहेत त्यांना बारशाला चांदी परवडते. त्यांच्या बाळाचे बाकीचे सगळे आधीच जागेवर असते. आपल्या बाळाचे ते जागेवर आणायला एक पिढी पुरी पडलेली नाही. मैत्रीचा अर्थ त्या कामात वाटा उचलणे असा मला कळतो.

झबले न्या, मऊ सुती दुपटे न्या, आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी तर नक्की न्या. आनंद करायला कोणाची हरकत नाही. पण पुढच्या नामकरणाच्या आमंत्रणाला उत्तर देताना तीन प्रश्न विचारा. बाळाची जन्मनोंद कुठे झाली? नाव चढवले का? गावाकडचे कागद कोणाकडे आहेत? आणि कार्यक्रमाच्या आयोजकांना हात जोडून सांगा, माइकवर बाळाचे नाव घ्या, आहेर देणाऱ्यांची घेऊ नका. पाळण्याजवळ सगळ्यांत आधी त्या मागे उभ्या राहिलेल्या मावशीला बोलवा.

जय भीम. नमो बुद्धाय.